विकायचंच आहे घर, तर किचन स्वतः नवं करू का?

प्रश्न: आमचं घर वीस-बावीस वर्षं जुनं आहे आणि किचन तेव्हापासून तेच. कपाटांची दारं लोंबतायत, सनमायकाच्या कडा सुटल्यात, टाइल्स पिवळट पडल्यात, सिंकखाली सतत ओल असते आणि ट्यूबलाइट अशा जागी आहे की ओट्यावर स्वतःचीच सावली पडते. दोन-तीन वर्षांत हे घर विकून मोठं घ्यायचंय. एजंट म्हणाला, किचन नवं असेल तर घर पटकन जातं आणि भावही चांगला येतो. मला हाताने कामं करायची आवड आहे, ड्रिल आहे, टाइल कटर घेणार आहे, व्हिडिओ बघून सगळा प्लॅन डोक्यात तयार आहे. मधली भिंत पाडून ओपन किचन, क्वार्ट्झचा ओटा, नवी फरशी, सगळं स्वतः करणार. मजुरी वाचली की तो निव्वळ फायदाच. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "इतकी वर्षं मी इथे राबले तेव्हा कुणाला सुचलं नाही, आता परक्या माणसासाठी नवं करायचं होय?" तेव्हापासून धड बोलत नाहीये. माझं काय चुकलं? की करूनच टाकू, झाल्यावर आवडेल तिला?

उत्तर:

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. "करूनच टाकू, झाल्यावर आवडेल" हे आधी डोक्यातून काढा. किचनचं काम म्हणजे कित्येक आठवडे धूळ, अर्धवट सिंक, भांडी हॉलमध्ये आणि रोजचं रांधणं कुठेतरी कोपऱ्यात, आणि हे सगळं जिला सोसायचंय तिला न विचारता सुरू केलंत तर झाल्यावर ते कितीही छान दिसू दे, तिला आठवणार ते आठवडेच.

आणि तिने मारलेला टोमणा टोमणा म्हणून सोडून द्या, पण त्यातला प्रश्न घ्या, कारण अख्ख्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. हे किचन नक्की कुणासाठी करताय? तुम्ही म्हणाल घेणाऱ्यासाठी. तो माणूस अजून आलेला नाही, त्याची आवड तुम्हाला माहीत नाही, आणि तो येईपर्यंत दोन-तीन वर्षं तिथे उभं राहणार आहे तुमच्याच घरातलं माणूस. मग समजा तुम्ही निवडलेला राखाडी क्वार्ट्झ तिलाही नको होता आणि त्यालाही नको असला, तर तो नक्की कुणाचा झाला?

आता पैशाचं. एजंटने दोन गोष्टी एका दमात सांगितल्या, त्या वेगळ्या करा. घर पटकन जातं हे बऱ्यापैकी खरं आहे. भाव चांगला येतो हेही थोडंफार खरं आहे. पण जितका खर्च केला तितका भाव वाढतो असं तो म्हणालाच नाही, ते तुम्ही मनात जोडून घेतलंत. घराची किंमत मुळात जागा, आकार, आजूबाजूची तशीच घरं कितीला गेली यावर ठरते आणि त्याला एक छत असतं, तुमचं किचन कितीही भारी झालं तरी ते छत फारसं हलत नाही. अमेरिकेत घरदुरुस्तीच्या कामांवर ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ नावाचा अहवाल दरवर्षी निघतो. २०२४ च्या अहवालात किचनच्या छोट्या कामाचा, म्हणजे कपाटांचे सांगाडे तेच ठेवून दारं, ओटा, सिंक वगैरे बदलण्याचा, साधारण ९६ टक्के खर्च विक्रीत परत येतो असा अंदाज होता, सगळं उखडून केलेल्या मध्यम कामाचा निम्म्याच्या आसपास, आणि एकदम आलिशान किचनचा ३८ टक्के. आकडे तिथले आहेत आणि कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतलेल्या कामाचे आहेत, ते तुमच्या घराला जसेच्या तसे लावू नका, पण उतरता क्रम बघा. त्या अहवालात छोट्या कामाचाही पूर्ण पैसा सुटला नाही! म्हणजे नफा म्हणून किचन करू नये, करायचं तर वापरायला करावं आणि विकताना काही परत आलं तर बरं म्हणावं.

दुसरं गृहीतक, मजुरी वाचली म्हणजे फायदा. तुमचे शनिवार-रविवार फुकट आहेत का? बरं ते सोडा, आवड आहे तुम्हाला, मी समजू शकते. पण घर बघायला येणारा माणूस किचनमध्ये काय करतो ते कधी बघितलंय? तो एक दार उघडतो, नळ सोडतो, सिंकखाली वाकतो, वास घेतो आणि टाइल्सच्या रेषांवरून नजर फिरवतो. रेषा वाकडी दिसली, कोपऱ्यातला तुकडा ओबडधोबड कापलेला दिसला की त्याच्या मनात येतं, जे दिसतंय ते असं तर भिंतीच्या आत वायरिंग कसं केलं असेल? मग भले वायरिंग तुम्ही पक्क्या माणसाकडून करून घेतलेलं असो, संशय आलाच, आणि संशयाचे पैसे तो भावातून कापतो. जुनं पण स्वच्छ, सरळ किचन यापेक्षा बरं, कारण तिथे तो म्हणतो ठीक आहे, आपण आपल्या पद्धतीने करू. थोडक्यात, हाताने तेवढंच करा जे तुम्हाला सफाईदार जमेल, आणि जमतं की नाही हे ठरवायला व्हिडिओ उपयोगाचा नाही, कारण व्हिडिओतला माणूस ते काम रोज करतो आणि त्याच्या चुका एडिटिंगमध्ये जातात.

आता तुमच्या यादीतलं काय नाही करायचं ते बोलू, इथे मी जरा कडक होणार आहे.

भिंत. ठोकून बघून कळत नाही भार घेणारी आहे की नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो, आणि बिल्डिंगमध्ये राहत असाल तर परवानगीही. बिनपरवानगी पाडलेली भिंत विकताना कागदपत्रांत अडकते, घेणाऱ्याच्या कर्जात अडकते. शिवाय ओपन किचन सगळ्यांना हवंच असतं हे कुणी सांगितलं, वास आणि मिक्सरचा आवाज थेट हॉलमध्ये आलेला न आवडणारे खूप आहेत. राहू दे भिंत.

क्वार्ट्झ. हे जरा नीट वाचा. बाजारात क्वार्ट्झ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा दगडाचा चुरा रेझिनमध्ये बांधून केलेला असतो आणि त्यात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकतं. बसवलेला ओटा वापरायला काही धोका नाही, पण कोरडा ग्राइंडर लावून तो कापला की जी बारीक धूळ उडते ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि त्यातून सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. कापणाऱ्या कामगारांमध्ये हे इतकं वाढलं की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवणं, पुरवणं आणि बसवणं यावर बंदीच आणली. तेव्हा बाल्कनीत बसून सिंकचं भोक कापायचा विचार असेल तर सोडा. ओटा बदलायचाच असेल तर माप देऊन कारखान्यातूनच पाणी मारत कापून आणा आणि घरी फक्त बसवून घ्या, तेही दोन-चार माणसं लागतात. ग्रॅनाइट आणि टाइल्समध्येही सिलिका असतोच, कमी असतो एवढंच, म्हणून तिथेही पाणी सोडणारा कटर आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, नुसता रुमाल बांधून चालत नाही.

गॅसच्या पाइपला हात नाही, अधिकृत माणूसच. त्याचं काम झाल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का एवढं मात्र स्वतः बघायला हरकत नाही (काडी पेटवून कधीच नाही, हे लिहावं लागू नये पण लिहिते).

वीज. २००० वॅटचं एक उपकरण २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. ओव्हन आणि किटली एकाच एक्स्टेन्शनवर लावलीत तर जुन्या वायरचं काय होईल याचा अंदाज करा. वीस वर्षांपूर्वीच्या किचनमध्ये पॉइंट कमी असतात कारण तेव्हा उपकरणंच कमी होती. म्हणून वायरमनला बोलवा, ओट्यावर पुरेसे पॉइंट घ्या, जड उपकरणांसाठी वेगळं सर्किट घ्या आणि ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते तपासून घ्या. ओला हात आणि वीज शेजारी शेजारी असतात त्या खोलीत याच्यावर काटकसर करू नये. हा खर्च फोटोत दिसत नाही, पण घेणाऱ्याने विचारलं की छातीठोक सांगता येतो.

ज्यांची घरं याहूनही बरीच जुनी आहेत त्यांच्यासाठी: जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं आणि जुन्या विनाइल फरशीत किंवा तिच्या गोंदात अॅस्बेस्टॉस. अशा घरात तपासून घेतल्याशिवाय कोरडं घासायचं नाही, खरवडायचं नाही.

नवी फरशी पण तूर्त नको. जुनीवर नवी टाकली की उंची वाढते, दारं घासतात, ओट्याखालचं मशीन आत अडकून बसतं. फुटलेल्या तेवढ्या बदला.

एवढं सगळं काढून घेतल्यावर वाटेल हिने ठेवलंय काय माझ्यासाठी. भरपूर ठेवलंय.

पहिलं सिंकखालची ओल. बाकी सगळं नंतर. ट्रॅपच्या जोडातलं वॉशर गेलं असेल तर ते हाताने होणारं काम आहे, बादली खाली ठेवा, जोड उघडा, वॉशर बदला. तो वाकडा पाइप किंवा बाटलीसारखा ट्रॅप काढून सरळ पाइप टाकायचा शहाणपणा मात्र करू नका, त्यात साठून राहणारं पाणीच गटाराचा वास अडवतं. कोरड्या टिश्यू पेपरने एकेक जोड पुसून बघितलं की नक्की कुठून झिरपतंय ते कळतं. ओल भिंतीतून येत असेल तर प्लंबर. हे झाल्याशिवाय एकही दार रंगवू नका.

मग कपाटं, आणि इथेच तुमच्या ड्रिलची खरी मजा आहे. आधी सांगाडे तपासा. पार्टिकल बोर्ड पाण्याने एकदा फुगला की परत बसत नाही, तो तुकडा बदलायलाच लागतो, रंगाने फक्त फुगवटा रंगीत होतो. सांगाडा धड असेल तर नवीन किचन करायची गरजच नाही, दारं बदला किंवा आहेत ती रंगवा. लोंबणारी दारं बऱ्याचदा निव्वळ बिजागरीची असतात, आतल्या बाजूने बसणाऱ्या कपवाल्या बिजागरीला दार वर-खाली, डावी-उजवी आणि आत-बाहेर सरकवायचे स्क्रू असतात, एका स्क्रूड्रायव्हरने अर्ध्या तासात दारांच्या रेषा सरळ होतात आणि किचन पाच वर्षं तरुण दिसतं. बिजागरी खराबच झाली असेल तर कपचा व्यास मोजून घ्या, बहुतेक ३५ मिलिमीटर असतो, मग नवी त्याच भोकात बसते. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर लाकडी काड्या गोंदात बुडवून ठोका, वाळल्यावर परत स्क्रू. हँडल घेताना दोन भोकांमधलं अंतर मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका, ९६ आणि १२८ मिलिमीटर ही मापं सर्रास असतात, चुकलं की दारावर जुनी भोकं उघडी पडतात आणि ती बुजवण्यात रविवार जातो.

सनमायका रंगवायचा असेल तर रंगापेक्षा तयारीत जास्त वेळ जातो हे मान्य करूनच सुरू करा. दारं काढा, प्रत्येकाला नंबर द्या, स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत. तेलकटपणा साबण-गरम पाण्याने पूर्ण काढा, नाहीतर पुढचं सगळं वाया. १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चमक मारायची, खोल घासायचं नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्राइमर, मग फोमच्या रोलरने दोन पातळ हात. हाताला कोरडा लागला म्हणजे झाला असं नसतं, पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे जातात, तोवर ओलं फडकंही जपून. आणि सगळ्यात आधी एकच दार, तेही कोपऱ्यातलं, त्याची आतली बाजू रंगवा आणि काही दिवसांनी नखाने ओरखडून बघा. निघाला तर बाकीच्या दारांसाठी सुताराला फोन करा, यात कमीपणा काही नाही.

उजेड हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम. वरच्या कपाटाखाली पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा, भिंतीकडे नाही, म्हणजे उजेड ओट्यावर पडतो आणि ती सावली जाते. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या आसपास असलेली घ्या आणि उजेडाचा रंग ३००० ते ४००० केल्व्हिनमधला, त्याहून मोठ्या आकड्याच्या निळसर पांढऱ्यात किचन दवाखान्यासारखं दिसतं. प्लगला लागणारी पट्टी मिळते, भिंत फोडायला नको.

टाइल्स घट्ट असतील तर आधी नुसत्या रेषा करून बघा. जुनं ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटीत भरलेलं असतं ते, दोन-तीन मिलिमीटर खरवडून नवं भरलं की पिवळटपणा अर्ध्याहून जास्त जातो, कारण पिवळी टाइल नसतेच बऱ्याचदा, मधली रेषा असते. एपॉक्सी ग्राउट डाग धरत नाही पण भराभर घट्ट होतं, थोडं थोडं कालवा. ओटा आणि भिंत जिथे भेटतात त्या कोपऱ्यात ग्राउट नाही, सिलिकॉन, कारण दोन्ही थोडे थोडे हलतात आणि ग्राउट तडकतं. टाइल्स बदलायच्याच असतील तर दहा टक्के जास्त आणा आणि उरलेल्या फेकू नका.

आता परत बायकोकडे. १९२६ साली फ्रँकफर्टमध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या आर्किटेक्ट बाईने एक छोटं किचन आखलं, घड्याळ लावून हालचाली मोजून, की बाईचं चालणं-वाकणं कमी व्हावं. तशी साधारण दहा हजार किचन्स बसली आणि आजच्या फिटेड किचनचं मूळ तिथेच धरतात. गंमत म्हणजे ते आखेपर्यंत आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता असं त्याच पुढे सांगायच्या. आणि त्या किचनवर झालेली एक मोठी टीका काय, तर दोघांना एकत्र उभं राहून काम करायला जागाच नाही, म्हणजे काम एकटीवरच. इतक्या हुशार बाईंचं हे, तर तुमचा प्लॅन फक्त तुमच्या डोक्यात तयार आहे याची थोडी काळजी वाटू द्या.

एक आठवडा काहीही विकत न घेता किचनमध्ये जा. नुसतं बघायला नाही, काम करायला. सकाळ-संध्याकाळ. कुठे वाकावं लागतं, कुठलं भांडं काढायला चार भांडी बाजूला करावी लागतात, सिंक ते शेगडी किती चकरा होतात. मग तिला विचारा, "तुला काय खुपतं इथे?" आणि तिने सांगितलेलं तिच्यासमोर लिहून काढा, लगेच त्यावर उपाय सांगत बसू नका. मला पैज लावायला आवडत नाही पण त्या यादीत क्वार्ट्झ नसेल. ओट्याची उंची असू शकेल (कोपर दुमडून उभं राहिलं की कोपराच्या १० ते १५ सेंटीमीटर खाली ओटा असावा, साधारण ८५ ते ९० सेंटीमीटर होतो तो बहुतेकांचा), खोल कपाटातल्या मागच्या अंधाऱ्या जागेसाठी बाहेर सरकणारी ट्रॉली असू शकेल, उजेड तर नक्कीच असेल. यातली बरीचशी कामं घेणाऱ्यालाही हवीच असतात. जे दोघांच्या यादीत येतं ते आत्ता करा, म्हणजे दोन-तीन वर्षं तिला मिळतात. जे फक्त त्या न आलेल्या माणसासाठी आहे ते राहू द्या, तो आला की त्याचं तो बघेल.

आणि हो, "आधी का नाही सुचलं" याचं उत्तर तिला द्यायला लागेलच. समजावून वगैरे सांगत बसू नका, नाही सुचलं, चुकलं, एवढंच म्हणा.

ज्यांना तुमच्यासारखी दोन-तीन वर्षं नाहीत, सहा महिन्यांतच विकायचंय, त्यांनी गळती, दारं, उजेड, रेषा आणि कसून साफसफाई एवढ्यावर थांबावं, ओट्याला हातही लावू नये. उलट ज्यांचं विकायचं नक्की नाही, नुसतं "कधीतरी" आहे, त्यांनी किंमतीचा विचारच सोडावा आणि स्वतःला हवं तसं करावं.

काम चालू असताना भिंत उघडी असेल तेव्हा आतल्या वायर आणि पाइपचे फोटो शेजारी मापाची टेप धरून काढा. बिलं, वॉरंटी कार्डं, रंगाचा शेड नंबर, वायरमनची पावती, सगळं एका फाइलमध्ये. घर दाखवताना ती फाइल ओट्यावर ठेवा. आणि सिंकखाली ओल होती हे लपवू नका, वरून रंग मारून तर अजिबातच नाही, कारण ती परत येते आणि तोपर्यंत खरेदीखतावर सही तुमची असते. इथे गळत होतं, अमुक महिन्यात हे बदललं, हे बिल, असं सरळ सांगा.